तरुण क्वार्टरबॅकला जोखताना : अमेरिकी कॉलेज फुटबॉलविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत आणि चर्चा एकट्या क्वार्टरबॅकचीच का?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या अनेक मराठी विद्यार्थ्यांची या खेळाशी पहिली ओळख विद्यापीठाच्या स्टेडियममध्येच होते. ऑस्टिन किंवा कोलंबस येथे शनिवारी एक लाख माणसे एका जागी जमतात आणि सामना संपल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकाच खेळाडूचे नाव असते. चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे जायचे, हा नियम लवकर अंगवळणी पडतो. परंतु विशीतला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, खरोखर चांगला आहे की नाही, हा प्रश्न मुरलेल्या जाणकारांनाही चकवत आला आहे. नियम समजले आहेत, पण मत कशाच्या आधारे बनवावे हे कळत नाही, अशा वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. चर्चा क्वार्टरबॅकची आहे, कारण आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक स्नॅपला, म्हणजे चाल सुरू होताना, चेंडू त्याच्या हाती येतो आणि पुढच्या अडीच-तीन सेकंदांत तो जे ठरवतो, त्यावर उरलेल्या दहा जणांची मेहनत फळाला येते किंवा वाया जाते.

किती सामन्यांनंतर मत बनवणे रास्त ठरते?

माझ्या मते बारा सामन्यांचा एक पूर्ण हंगाम, साधारण साडेतीनशे पास आणि त्यांत किमान तीन-चार सामने तुल्यबळ किंवा वरचढ संघांविरुद्धचे, इतके तरी हाताशी असावे. त्याआधी निरीक्षणे जरूर नोंदवावीत, पण निकाल देऊ नये. एका सामन्यात क्वार्टरबॅक साधारण तीस पास फेकतो. त्यांतले दोन रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) हातून निसटले आणि एक बचावपटूच्या हाताला लागून उडाला, तरी त्या दिवसाचा आकडा पार बदलून जातो.

ट्रे लान्सचे उदाहरण येथे बोलके आहे. नॉर्थ डकोटा स्टेटकडून २०१९ मध्ये त्याने २८७ पास फेकले, त्यांतून २८ टचडाउन केले (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवला) आणि एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेला पास) होऊ दिले नाही. त्याच्या संघाने सोळाही सामने जिंकले. कोविडमुळे २०२० मध्ये त्याच्या वाट्याला एकच सामना आला. तरीही एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत, सॅन फ्रान्सिस्कोने पुढच्या निवडी देऊन वरची जागा मिळवली आणि त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. तेथे त्याला सुरुवातीपासून खेळण्याची संधी चारच सामन्यांत मिळाली, मध्येच दुखापत झाली आणि २०२३ मध्ये त्याची डॅलसला पाठवणी झाली. लान्समध्ये गुण नव्हते, असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्याची खरी पारख व्हावी इतके फुटबॉल तो खेळलाच नव्हता, आणि जो एक हंगाम खेळला तो खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत, बहुतेक वेळा आघाडीवर असताना खेळला.

आर्च मॅनिंगच्या २०२५ च्या हंगामाचा अर्थ कसा लावावा?

अलीकडच्या काळात कोणत्याही तरुण क्वार्टरबॅकविषयी इतक्या घाईने आणि इतक्या टोकाची मते बनली नसतील, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहे.

आर्च हा आर्ची मॅनिंग यांचा नातू, पेटन आणि ईलाय यांचा पुतण्या; हे तिघेही एनएफएलमधले नामवंत क्वार्टरबॅक. न्यू ऑर्लिन्समधील शाळेतून तो २०२३ मध्ये टेक्सासला आला. त्या वर्षी तो दोनच सामन्यांत थोडा वेळ उतरला. २०२४ मध्ये संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक क्विन युअर्स जखमी झाल्यावर त्याला खरी संधी मिळाली. बदली म्हणून उतरलेल्या सामन्यात त्याने चार टचडाउन पास फेकले आणि ६७ यार्ड धावून एक टचडाउन स्वतःही केले. त्यानंतर लुइझियाना-मन्रो आणि मिसिसिपी स्टेट यांच्याविरुद्ध तो सुरुवातीपासून खेळला. त्या वर्षीची त्याची एकूण बेरीज अशी होती : ९० पास, त्यांतले ६१ पूर्ण, ९३९ यार्ड, ९ टचडाउन, २ इंटरसेप्शन. एवढ्या भांडवलावर २०२५ च्या हंगामाआधी त्याला हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, प्रमुख दावेदार ठरवण्यात आले, आणि टेक्सासला इतिहासात प्रथमच असोसिएटेड प्रेसच्या हंगामपूर्व क्रमवारीत पहिले स्थान मिळाले.

३० ऑगस्ट २०२५ रोजी कोलंबसमध्ये ओहायो स्टेटविरुद्ध टेक्सास १४-७ असा हरला. मॅनिंगचे ३० पैकी १७ पास पूर्ण झाले, १७० यार्ड मिळाले, एक टचडाउन आणि एक इंटरसेप्शन झाले. आदल्या दिवसापर्यंत ज्याला महान ठरवले होते, त्याला दुसऱ्या दिवशी फसवा ठरवले गेले. या दोन्ही निकालांमागे पुरावा तितकाच तोकडा होता, हे मला ठामपणे सांगावेसे वाटते. समोर गतविजेता संघ होता आणि मैदान त्याचे होते. टेक्सासच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधील (क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहून त्याला वाचवणाऱ्या) पाचपैकी चार खेळाडू आदल्या हंगामानंतर निघून गेले होते आणि डावी बाजू सांभाळणारा केल्विन बँक्स एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये नववा निवडला गेला होता. मॅथ्यू गोल्डन हा रिसीव्हरही पहिल्याच फेरीत गेला होता. नव्या लाइनमागे, नव्या रिसीव्हरांना घेऊन, देशातील सर्वोत्तम बचावफळींपैकी एकीसमोर त्याला उभे राहायचे होते.

त्या सामन्यात काळजी करण्यासारखे काहीच नव्हते, असे मात्र नाही. पायांची बैठक पक्की नसताना तो चेंडू सोडत होता आणि हात खांद्याच्या बाजूने, आडवा फिरत होता. त्यामुळे साधे, जवळचे पासही रिसीव्हरच्या मागे किंवा पायांशी पडत होते. दोन आठवड्यांनी यूटेप (टेक्सास विद्यापीठ, एल पासो) यासारख्या दुबळ्या संघाविरुद्ध, घरच्या मैदानावर, २५ पैकी ११ पास पूर्ण आणि ११४ यार्ड, अशी स्थिती झाली तेव्हा ही निव्वळ ओहायो स्टेटची करामत नव्हती हे स्पष्ट झाले. एकच दोष बलाढ्य आणि दुबळ्या, दोन्ही प्रकारच्या संघांविरुद्ध दिसला, तर तो खेळाडूचा मानावा; फक्त बलाढ्य संघाविरुद्ध दिसला, तर परिस्थितीचा वाटा आधी तपासावा. तरुण खेळाडूंच्या बाबतीत यापेक्षा उपयोगी कसोटी माझ्या पाहण्यात नाही.

ऑक्टोबरच्या आरंभी फ्लोरिडाने टेक्सासला २९-२१ असे हरवले. त्या सामन्यात मॅनिंगला सहा वेळा सॅक करण्यात आले (पास फेकण्याआधीच मागे पाडले गेले) आणि त्याची दोन इंटरसेप्शन झाली. पुढच्याच शनिवारी ओक्लाहोमाविरुद्ध २७ पैकी २१ पास पूर्ण झाले. यार्ड केवळ १६६ होते, पण चेंडू वेळेवर हातातून सुटत होता आणि टेक्सास २३-६ असा जिंकला. केंटकीविरुद्ध पुन्हा घसरण झाली : २७ पैकी १२ पास आणि जादा वेळेत ओढूनताणून मिळवलेला विजय. मिसिसिपी स्टेटविरुद्ध संघ पिछाडीवर असताना त्याने ३४६ यार्ड काढले. जादा वेळेत तो जखमी होऊन बाहेर गेला आणि विजयी पास बदली खेळाडू मॅथ्यू काल्डवेलने फेकला. त्यानंतर व्हँडरबिल्टविरुद्ध ३२८ यार्ड आणि तीन टचडाउन, जॉर्जियाकडून ३५-१० असा पराभव, आर्कान्सासविरुद्ध ३८९ यार्ड आणि अखेरीस टेक्सास ए अँड एमविरुद्ध २७-१७ असा विजय. मिशिगनविरुद्धच्या सिट्रस बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात तर तो दीडशेहून अधिक यार्ड धावला. हंगामाची गोळाबेरीज ३,१६३ यार्ड, २६ टचडाउन आणि ७ इंटरसेप्शन अशी झाली.

पहिल्या सहा आणि शेवटच्या सहा सामन्यांत चेंडू हातातून सुटण्याची वेळ, पायांची बैठक आणि पासची अचूकता या तिन्हींत फरक दिसतो. म्हणूनच मी त्याच्याविषयी आशावादी आहे. मात्र जॉर्जियाविरुद्धचा सामना हेही दाखवून गेला की अव्वल बचावफळीसमोर, संघ मागे पडल्यावर, तो अजून सामना फिरवू शकलेला नाही. २०२६ मध्येही टेक्सासकडूनच खेळण्याचा त्याचा निर्णय या दृष्टीने शहाणपणाचा वाटतो.

पासर रेटिंग हा आकडा कितपत भरवशाचा आहे?

कॉलेज फुटबॉलमध्ये हा आकडा काढण्याची रीत सोपी आहे. यार्डांना ८.४ ने, टचडाउनना ३३० ने आणि पूर्ण पासांना १०० ने गुणून बेरीज करायची, इंटरसेप्शनना २०० ने गुणून ती वजाबाकी करायची आणि आलेल्या संख्येला एकूण पासांनी भागायचे. मॅनिंगचा ओहायो स्टेटविरुद्धचा हिशेब करून पाहू. १७० यार्डांचे १,४२८, एका टचडाउनचे ३३०, सतरा पूर्ण पासांचे १,७००. त्यातून एका इंटरसेप्शनचे २०० वजा केले की ३,२५८ उरतात. तीसने भागल्यावर १०८.६ येतात. त्याच महिन्याभरात सॅम ह्यूस्टनविरुद्ध त्याचे २१ पैकी १८ पास पूर्ण झाले होते, ३०९ यार्ड आणि तीन टचडाउन होते आणि इंटरसेप्शन एकही नव्हते. याच रीतीने तेथे २५६ च्या वर आकडा जातो. खेळाडू तोच आणि महिनाही जवळपास तोच. त्यामुळे या दोन आकड्यांतून खेळाडूपेक्षा त्याच्यासमोरच्या संघांतील अंतरच अधिक कळते.

या सूत्रात सॅकला स्थान नाही. रिसीव्हरच्या हातून सुटलेला सोपा चेंडू आणि क्वार्टरबॅकने मैदानाबाहेर फेकलेला चेंडू येथे एकाच मापाने मोजले जातात. दोन यार्डांचा पास देऊन रिसीव्हर साठ यार्ड धावला तरी सारे श्रेय क्वार्टरबॅकच्या खात्यात जमा होते. एनएफएलची रीत वेगळी असून तेथे कमाल आकडा १५८.३ असतो, म्हणून दोन्हींची तुलना कधीही करू नये. पूर्ण हंगामाच्या पातळीवर मात्र या आकड्याला काही अर्थ येतो. २०१९ मध्ये एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक जो बरो याचा आकडा २०२ च्या घरात होता, आणि तो हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

मग कोणते आकडे पाहावेत?

तिसऱ्या डाउनवर आठ यार्ड हवे असताना सात यार्डांचा पास पूर्ण झाला, तर टक्केवारी सुधारते, पण चेंडू सोडावा लागतो. म्हणून प्रत्येक स्नॅपनंतर संघाची गुण मिळवण्याची शक्यता किती वाढली किंवा घटली, हे मोजणारे आकडे अधिक उपयोगी असतात. ते उपलब्ध नसतील, तर तिसऱ्या डाउनवरची कामगिरी, दर पासमागे मिळालेले यार्ड आणि सॅकचे प्रमाण, एवढे पाहिले तरी पुरते.

सॅक झाला की दोष लाइनचा धरावा की क्वार्टरबॅकचा?

सर्वसाधारण समज असा, की सॅक म्हणजे लाइनची चूक. प्रत्यक्षात त्यात क्वार्टरबॅकचा वाटा पुष्कळ मोठा असतो, आणि संघ बदलला तरी अनेकांच्या बाबतीत ही सवय त्यांच्यासोबत जाते. चेंडू हातात धरून राहणे, धोका कोणत्या बाजूने येणार हे स्नॅपच्या आधी न ओळखणे, पॉकेटमध्ये (लाइनने राखलेल्या सुरक्षित जागेत) एक पाऊल पुढे सरकण्याऐवजी मागे-मागे जाणे, ही त्याची कारणे. बचावपटू अडीच सेकंदांच्या आत येऊन आदळला, तर लाइनला दोष द्यावा. साडेतीन सेकंद उलटून गेल्यावरही चेंडू हातातच असेल, तर क्वार्टरबॅककडे बोट दाखवावे.

येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कॉलेज फुटबॉलच्या नोंदींत सॅकमुळे गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात. एनएफएलमध्ये तसे होत नाही. एखाद्याने साठ यार्ड धावून काढले आणि सॅकमध्ये चाळीस गमावले, तर कॉलेजच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे वीसच यार्ड दिसतील. त्याला धावता येत नाही, असा समज करून घेणारे प्रेक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रतिस्पर्धी दुबळा असेल तर त्या सामन्याला काहीच किंमत द्यायची नाही का?

किंमत द्यावी, पण वेगळ्या कारणासाठी. पाटा खेळपट्टीवरच्या शतकावरून फलंदाजाचे तंत्र कळत नाही. मात्र तेथेही तो चाचपडला, तर ती बाब गंभीर असते. सप्टेंबरमधले बरेचसे सामने या जातीचे असतात. मोठी विद्यापीठे पैसे देऊन लहान संघांना आपल्या मैदानावर बोलावतात आणि पन्नास गुणांनी हरवतात. अशा सामन्यातले चार टचडाउन पाहून हुरळून जाऊ नये. मोकळ्या उभ्या असलेल्या रिसीव्हरला दिलेला पास नीट पोहोचतो आहे का, चेंडू त्याच्या धावेच्या पुढे पडतो आहे की त्याला थांबून मागे वळावे लागते आहे, तेवढे पाहावे.

मैदानावर नजर नेमकी कशावर ठेवावी?

नजर आणि पाय. तरुण क्वार्टरबॅक ज्या रिसीव्हरला पास द्यायचा आहे त्याच्याकडेच पहिल्यापासून टक लावून पाहतो आणि मागे उभा असलेला सेफ्टी हा बचावपटू त्या नजरेच्या रेषेत धावत येतो. पहिला रिसीव्हर बंद असेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे वळणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती शिकतो आहे की नाही हे चार-पाच सामन्यांत दिसते.

८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटामध्ये झालेल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यातील शेवटचे दोन स्नॅप या दृष्टीने पुन्हा-पुन्हा पाहण्यासारखे आहेत. अलाबामाने मध्यंतरानंतर जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या तुआ टॅगोवायलोआला उतरवले होते. जादा वेळेत जॉर्जियाने तीन गुण घेतले. अलाबामाच्या पहिल्याच स्नॅपला तुआ चेंडू धरून मागे पळत राहिला आणि १६ यार्ड गमावून सॅक झाला. आता दुसरा डाउन होता आणि २६ यार्ड हवे होते. पुढच्या स्नॅपला त्याने आधी उजवीकडे पाहिले, ती नजर पाहून सेफ्टी जागीच अडकला, आणि मग वळून त्याने डावीकडे धावणाऱ्या डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास दिला. सामना २६-२३ असा संपला. पहिला स्नॅप नवख्याचा होता. दुसऱ्यात बहुतेकांना तिसऱ्या वर्षी जमते ते त्याने करून दाखवले. तरुण खेळाडूत हे दोन्ही एकाच मिनिटात दिसू शकते, आणि मूल्यमापन करणाऱ्याने दोन्हींची नोंद ठेवली पाहिजे.

त्या रात्री बसवला गेलेला हर्ट्स पुढे ओक्लाहोमाला गेला, २०१९ च्या हाइझमनमध्ये दुसरा आला आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पहिली चमक पुढे टिकते का?

टिकतेच असे नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ट्रेव्हर लॉरेन्सच्या गैरहजेरीत क्लेमसनच्या डीजे उइअंगलेलेने नोट्र डेमच्या मैदानावर ४३९ यार्ड फेकले. संघ हरला, पण वारसदार मिळाला अशी सर्वांची खात्री झाली. पुढच्या पूर्ण हंगामात त्याची टचडाउन ९ आणि इंटरसेप्शन १० होती. नंतर तो ओरेगन स्टेट आणि फ्लोरिडा स्टेटकडून खेळला, परंतु ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांकडे पहिल्या सामन्यांच्या वेळी त्याचे चित्रीकरण नव्हते; नंतर ते आले, आणि त्यांनी त्याला न आवडणारे पास फेकायला लावले. नवख्याची खरी परीक्षा म्हणूनच दुसऱ्या वर्षी होते.

जेडन डॅनियल्सचा आलेख अधिक वळणावळणाचा आहे. ॲरिझोना स्टेटमध्ये २०१९ साली पहिल्याच वर्षी १७ टचडाउन आणि फक्त २ इंटरसेप्शन. २०२१ मध्ये १० आणि १०. मग एलएसयूला प्रयाण आणि २०२३ मध्ये हाइझमन ट्रॉफी. २०२१ च्या शेवटी जर कोणी त्याच्यावर फुली मारली असती, तर आकड्यांनी त्याला साथच दिली असती.

पहिला हंगाम सामान्य गेला तर आशा सोडून द्यावी का?

सोडू नये, पण सामान्य हंगामामागचे कारण शोधावे. बरोने एलएसयूत २०१८ मध्ये ५७.८ टक्के पास पूर्ण केले आणि १६ टचडाउन केली. पुढच्या वर्षी ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, पंधरापैकी पंधरा विजय. दरम्यान जो ब्रेडी हे प्रशिक्षक न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून आले होते, पासची मांडणी मोकळी झाली होती, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन बहरात आले होते आणि लाइन देशात सर्वोत्तम ठरली होती. बरोची समज २०१८ मध्येही दिसत होती. मार खाऊनही तो पॉकेटमध्ये उभा राहून शेवटच्या क्षणी पास देत होता. हे गुण टक्केवारीत उतरत नाहीत.

लॉरेन्सने २०१९ च्या पहिल्या सात सामन्यांत आठ इंटरसेप्शन दिली आणि नंतरच्या आठ सामन्यांत एकही दिले नाही. पेटन मॅनिंगने एनएफएलमधल्या पहिल्या वर्षी, १९९८ मध्ये, २८ इंटरसेप्शन दिली आणि त्याचा संघ सोळापैकी तीनच सामने जिंकला. आर्चवर टीका होत असताना काकांचे हे वर्ष फारसे कोणाला आठवले नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

अचूकता उपजत असते की शिकवता येते?

बहुतेकांच्या बाबतीत कॉलेजातली अचूकता पुढे फारशी बदलत नाही, म्हणून संघ तिला महत्त्व देतात. जॉश ॲलन हा सर्वांच्या तोंडी असलेला अपवाद. वायोमिंगमध्ये त्याचे ५६ टक्के पास पूर्ण होत होते, एनएफएलमध्ये पहिल्या वर्षी ५२.८ टक्के, तिसऱ्या वर्षी ६९.२ टक्के, आणि २०२४ च्या हंगामाचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. मात्र त्याचे नाव घेऊन प्रत्येक ताकदवान, पण वेडावाकडा फेकणाऱ्या तरुणाचे समर्थन करणे योग्य नव्हे. ॲलनने शरीराची हालचाल मुळापासून नव्याने बसवली, आणि ते वर्षानुवर्षे करायला लावणारे प्रशिक्षक व तेवढा धीर धरणारा संघ त्याला लाभला.

वयाला किती महत्त्व द्यावे?

बरेच. एकोणीस वर्षांच्या मुलाचा आणि तेवीस वर्षांच्या तरुणाचा खेळ एकाच मापाने मोजू नये. हाइझमन जिंकली तेव्हा बरोला नुकतेच तेविसावे लागले होते असे नव्हे, ते पूर्ण झाले होते. ख्रिस वाइन्कीने २००० साली ती ट्रॉफी २८ व्या वर्षी जिंकली. आधी तो व्यावसायिक बेसबॉल खेळत होता. शरीर भरलेल्या, अनुभवी खेळाडूने विशीच्या आतल्या बचावपटूंवर मात केली, तर कौतुक करावे, पण वाढीची शक्यता किती उरली आहे हेही विचारावे.

बाकावर बसणे चांगले की लगेच खेळणे?

२०१८ पासूनच्या नियमानुसार पहिल्या वर्षी चारपर्यंत सामने खेळूनही खेळाडूचे पात्रतेचे वर्ष वाचते. त्यालाच रेडशर्ट म्हणतात. मॅनिंगचे २०२३ हे वर्ष असेच गेले. पूर्वी दोन वर्षे बाकावर बसणे सर्वमान्य होते. ट्रान्स्फर पोर्टल (संघ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदयादी) २०१८ मध्ये आले आणि २०२१ पासून एक वर्ष न थांबता संघ बदलण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून वाट पाहणारे क्वार्टरबॅक विरळ झाले. नाव, छबी आणि प्रसिद्धी यांचा मोबदला घेण्याची परवानगीही २०२१ च्या जुलैपासूनच मिळाली. त्यामुळे आता संघ बदलणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तो खेळासाठी गेला, पैशासाठी गेला की प्रशिक्षक बदलले म्हणून गेला, हे पाहिल्याशिवाय त्याच्या चिकाटीविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

कॉलेजमधला यशस्वी क्वार्टरबॅक एनएफएलमध्ये अडखळतो तो का?

मैदान सारखेच रुंद असते, पण खेळ वेगळा असतो. मैदानावरच्या दोन हॅशरेषांमध्ये (प्रत्येक चाल यांच्या दरम्यान किंवा यांच्यावरून सुरू होते) कॉलेजात ४० फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचे. चेंडू डाव्या हॅशवर असेल, तर कॉलेजात उजव्या कडेपर्यंत १०० फुटांचे रान मोकळे असते. तेथे बचावपटूंना विखरून उभे राहावे लागते आणि फटी मोठ्या पडतात. उलट, त्या दूरच्या कडेला वेळेवर पास पोहोचवणारा तरुण दिसला, तर त्याच्या हातात ताकद आहे असे खुशाल समजावे. शिवाय पास फेकला जात असताना कॉलेजात लाइनमधल्या खेळाडूंना तीन यार्ड पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच. धाव की पास हे स्नॅपनंतर ठरवण्याच्या चाली त्यामुळे कॉलेजात फार फळतात. ज्याची निम्मी यार्ड अशा चालींतून आली आहेत, त्याच्याविषयी मत राखून ठेवावे.

घराणे, शाळेतले मानांकन आणि संघाचे विजय यांना किती वजन द्यावे?

शाळेत असताना खेळाडूला तारका देऊन केलेले मानांकन हा पहिला अंदाज असतो. कॉलेजात शंभर-दीडशे पास फेकून झाल्यावर तो बाजूला ठेवावा. घराण्यामुळे लहानपणापासून उत्तम मार्गदर्शन मिळते, एवढाच त्याचा उपयोग. विजय अकरा जणांचे, किंबहुना बचावफळी धरून बावीस जणांचे असतात.

टीव्हीवर तर चेंडूच्या मागेच कॅमेरा फिरतो. मग हे सारे पाहायचे कसे?

स्नॅपच्या क्षणी चेंडूवरची नजर काढून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणावर ठेवावी आणि ते किती वेळा वळते ते पाहावे. मनातल्या मनात सेकंद मोजावेत. पास सुटल्यावर चेंडूमागे न जाता त्याचा पुढचा पाय कोणत्या दिशेला टेकला आहे ते बघावे. तो पाय लक्ष्याकडे नसेल, तर चेंडू बहुधा चुकलेला असतो. रिसीव्हर का मोकळा झाला, हे मागच्या बाजूने घेतलेल्या रिप्लेमध्ये कळते, म्हणून रिप्ले लागला की बोलणे थांबवावे. आणि तिसऱ्या डाउनची वही ठेवावी : किती यार्ड हवे होते, किती जण धावून आले, पास कोणाला गेला. चार शनिवारांच्या अशा नोंदी पुढ्यात घेऊन बसल्यावर, सामन्यानंतरच्या आकड्यांच्या तक्त्यात न दिसणारा खेळाडू दिसू लागतो, आणि पाचव्या शनिवारी तिसऱ्या डाउनवर तो कोणाकडे पाहील, हेही पुष्कळदा आधी सांगता येते.